क्रॉस-कंट्रीचा कोर्स 'जास्तच अवघड' आहे हे ठरवायचं कसं?

दुडकी

घोडेस्वारीवर इथे फारसं बोलणं होत नाही, पण जाणकार आहेत हे जुन्या प्रतिसादांवरून ठाऊक आहे, म्हणून विचारतेय.

माझी लेक चौदा वर्षांची. सहा वर्षं पुण्यात शिकतेय. ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची परीक्षा) आणि शो जम्पिंगच्या स्पर्धा झाल्यात. पुढच्या महिन्यात तिची पहिली इव्हेंटिंग स्पर्धा आहे, म्हणजे या दोन्हींसोबत क्रॉस-कंट्री, उघड्या रानातले पक्के अडथळे, आलीच. दक्षिणेतल्या एका शहरात जायचंय. ८० सेंटिमीटरचा गट, १८०० मीटर अंतर, १५ अडथळे, वेग मिनिटाला ४०० मीटर. म्हणजे साडेचार मिनिटांचा खेळ. ती रोज सरावात याहून उंच उड्या मारते.

पण गेल्या वर्षी त्याच मैदानावर, त्याच गटात अकरा जण सुटले आणि पाचच शेवटपर्यंत पोचले. एका मुलाचं मनगट मोडलं. पालकांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मुलांची तयारी कमी पडली." असेलही. पण तयारी कमी होती की कोर्स जास्त होता, हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं? मी स्वतः कधी घोड्यावर बसलेले नाही.

आणखी एक गोष्ट मनात अडकून बसलीय. २०२१ च्या ऑगस्टमधला पहिला रविवार. आपला फवाद मिर्झा टोकियो ऑलिम्पिकच्या क्रॉस-कंट्रीत धावणार म्हणून आम्ही दोघी पहाटेच उठून बसलो होतो. फवाद एकदाही न अडता पोचला, लेक पलंगावर नाचली. आणि मग बातमी आली की स्वित्झर्लंडच्या रॉबिन गोडेलच्या घोड्याला, जेट सेटला, त्याच कोर्सवर दुखापत झाली आणि त्याला कायमचं झोपवावं लागलं. तिने विचारलं, "आई, तो कोर्स जास्तच अवघड होता का गं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता ती स्वतः धावणार आहे आणि प्रश्न तसाच आहे.

निवृत्त_रिसाला

ताई, बरं झालं विचारलंत. मी रिसाल्यात होतो, नंतर बरीच वर्षं मुलांना शिकवलं. मूळचा साताऱ्याचा.

पहिली गोष्ट, उंचीकडे बघणं सोडा. बॅडमिंटन, बर्ली, केंटकी या जगातल्या सगळ्यांत वरच्या, पाच तारे असलेल्या स्पर्धा. तिथेही पक्क्या अडथळ्याची कमाल उंची १.२० मीटरच असते. वर झुडूप लावलं असेल तर झुडपासकट १.४५. एक पायरी खाली, चार ताऱ्यांनाही पक्की उंची तीच, १.२०. मग चार आणि पाच ताऱ्यांत फरक पडतो कशाने? अडथळा कुठे ठेवलाय, त्याच्या आधी काय आणि नंतर काय, जमीन चढती की उतरती, घोड्याला तो किती ढांगा आधी दिसतो, या सगळ्याने. शो जम्पिंगच्या मैदानात उंची हा मोठा प्रश्न असतो, कारण तिथे जमीन सपाट आणि दांड्या रंगीत. बाहेर रानात उंची हा सगळ्यांत लहान प्रश्न.

दुसरी गोष्ट. शो जम्पिंगची दांडी घोड्याचा पाय लागला की पडते. क्रॉस-कंट्रीतला ओंडका पडत नाही, घोडा पडतो. म्हणून इथे "अवघड" आणि "धोकादायक" हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

माझी कसोटी एकच. घोड्याला "नाही" म्हणायला जागा आहे का? चांगला अवघड अडथळा घोड्याला वेळेवर दिसतो, कळतो, आणि जमणार नसेल तर तो अडतो किंवा बगल देऊन निघून जातो. स्वाराला २० गुणांचा दंड होतो, मान खाली जाते, पण दोघं आपल्या पायांवर घरी येतात. वाईट अडथळा घोड्याला कळायच्या आत उडीत ओढतो. तो नाही म्हणू शकत नाही, कारण प्रश्न काय आहे तेच त्याला समजलेलं नसतं. आणि घोडा मोठ्या मनाचा असेल, स्वारावर विश्वास टाकणारा असेल, तर तो न समजताही उडी घेतो. पडतात ते पुष्कळदा असे चांगले घोडे.

म्हणून स्पर्धेआधी कोर्स पायी चालून बघतात तेव्हा लेकीसोबत तुम्हीही चाला. घोड्यावर बसलेल्या नाहीत हे बरंच आहे, तुमचे डोळे ताजे आहेत. प्रत्येक अडथळ्याकडे येताना जिथून तो पहिल्यांदा दिसतो तिथे थांबा आणि तिथून पावलं मोजा. माणसाची चार मोठी पावलं म्हणजे कॅंटरमधल्या, म्हणजे मध्यम वेगाने धावणाऱ्या, घोड्याची साधारण एक ढांग. जोडअडथळा असेल तर दोन पावलं उतरण्याची आणि दोन पुढची उडी घेण्याची सोडायची, मधल्या पावलांना चाराने भागायचं. दोन अडथळ्यांत बारा पावलं आली तर दोन ढांगा. पण हे सपाटीचं गणित झालं. उतारावर ढांग लांबते, चढावर आखडते, पाण्यात जाताना तर घोडा जवळजवळ थबकतो. सपाटीचं माप उतारावर तसंच लावलेलं दिसलं तर समजा की आखणाऱ्याने टेपने मोजलंय, घोड्याने नाही.

अंकगणित

काकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी आकडेवारीच्या बाजूने लिहितो. घोड्यांचं मला फार कळत नाही, पण हा खेळ बरीच वर्षं बघतोय.

"अकरापैकी पाच" यावरून काहीच ठरत नाही. संख्या लहान आहे हे एक कारण. पण मोठं कारण हे की सहा जण कुठे थांबले ते तुम्ही लिहिलेलं नाही. सहा जण सहा वेगवेगळ्या अडथळ्यांपाशी थांबले असतील तर तयारी कमी होती असं म्हणायला जागा आहे. एकाच ठिकाणी थांबले असतील तर दोष त्या ठिकाणाचा आहे.

याचं सगळ्यांत कडक उदाहरण १९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक. चौथा अडथळा म्हणजे एक कुंपण आणि पलीकडे तळं. त्यात ४६ घोडे उतरले. १८ घोडे पडले आणि आणखी दहा स्वार खोगिरातून उडाले. म्हणजे ४६ पैकी २८, आणि तेही देशोदेशींच्या लष्करातले निवडक स्वार. जर्मनीचा फॉन वांगेनहाइम तिथेच पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, तसाच परत चढून त्याने कोर्स पुरा केला आणि दुसऱ्या दिवशी हात बांधलेल्या अवस्थेत शो जम्पिंगही केलं. त्याची गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात आणि ती आहेच. पण त्या स्पर्धेत तीन घोडे मेले आणि फक्त चार संघ पूर्ण होऊन परतले, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. सगळे एकाच पाण्यात पडत असतील तर ती परीक्षा उरत नाही.

उलट बाजूला २०१४ चं बॅडमिंटन घ्या. जुझेप्पे देल्ला किएझाने तिथे आखलेला तो पहिला कोर्स, आणि दिवस जोरदार वाऱ्याचा. सुटलेल्यांपैकी निम्मेही पोचले नाहीत. जिंकला ऑस्ट्रेलियाचा सॅम ग्रिफिथ्स, जो ड्रेसाजनंतर बराच मागे होता. त्या कोर्सवर खूप वाद झाला, पण त्याला बर्लिनच्या रांगेत कुणी बसवत नाही. पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे कमी, तरी अर्थ वेगळा.

तर ताई, जमलं तर एवढं मिळवा: ते सहा जण कुठे थांबले आणि कसे थांबले? अडले, बगल दिली, स्वार पडला की घोडा पडला?

दुडकी

मिळवते. एका मुलाच्या वडिलांचा नंबर आहे माझ्याकडे.

रानपिंगळा

मला वेगळं म्हणायचंय आणि कुणाचं मन दुखावू नये अशी इच्छा आहे. काका म्हणतात घोड्याला "नाही" म्हणायला जागा हवी. पण मुळात त्याला कुणी विचारलंय का? जेट सेट चौदा वर्षांचा होता. तो तिथे स्वतःहून गेला नव्हता. एका घोड्याचा जीव गेल्यावर कोर्स अवघड होता की नव्हता ही चर्चा मला पोकळ वाटते. जीव गेला, म्हणजे अवघड होता. आणखी काय पुरावा हवा?

पशुवैद्य_नगर

रानपिंगळा, तुमचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. मी मोठ्या जनावरांचा डॉक्टर आहे, घोडे रोज नाही पण नियमित बघतो.

जेट सेट पडला नव्हता. विसावा अडथळा त्याने ओलांडला आणि त्यानंतर तो एकदम लंगडायला लागला, स्वाराने लगेच थांबवलं. उजव्या पायात खुराच्या जरा वर अस्थिबंध (लिगामेंट) तुटला होता. जोडता येणारा नव्हता. अशी दुखापत सपाट शर्यतीत होते, कुरणात मोकळा पळणाऱ्या घोड्यालाही होते. तेव्हा "अडथळा वाईट होता म्हणून घोडा मेला" असं त्या घटनेवरून म्हणता येत नाही.

पण म्हणून कोर्स हिशेबातून सुटतो असंही नाही. वेग, अंतर, जमिनीचा कठीणपणा, उष्मा, हे सगळं कोर्सच आहे. अस्थिबंध आणि स्नायुबंध (टेंडन) दमलेल्या पायात जास्त तुटतात. दमलेला स्नायू धक्का झेलत नाही आणि तो धक्का थेट या बंधांवर येतो. टोकियोत ४४२० मीटर अंतर ७ मिनिटं ४५ सेकंदांत कापायचं होतं आणि ते उन्हाळ्यात, म्हणून स्पर्धा सकाळी लवकर सुरू केली होती.

उष्म्याचं महत्त्व या खेळाला मार खाऊन कळलंय. १९७८ ला केंटकीत जागतिक स्पर्धा झाली ती दमट गरमीत, घोडे थकून कोसळायच्या बेताला आले. १९९६ चं ऑलिम्पिक अटलांटाला होणार हे जाहीर झालं तेव्हा तेच पुन्हा होईल अशी भीती होती. त्या आधीची काही वर्षं घोड्याच्या शरीरातल्या उष्णतेवर खूप काम झालं. अंतर कमी केलं, मध्ये थांबे दिले, पाण्याच्या तुषारांचे पंखे आले, आणि घोड्यावर बर्फाचं पाणी ओतल्याने स्नायू आखडतात हा जुना समज खोटा ठरला. भरपूर पाणी ओतायचं, निथळून काढत बसायचं नाही, ओततच राहायचं. आपल्याकडे अजून पागांमध्ये "गरम घोड्यावर गार पाणी नको" म्हणतात. ताई, एवढं एक तरी तुमच्या सईसाला सांगा.

घोड्याचं नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५. जोरात धावून आल्यावर ते ४० च्या वर जातं. किती वर गेलं याहून किती लवकर उतरतं ते बघा. दहा मिनिटांनी श्वास आणि नाडी उतरायला लागली नसेल तर त्या दिवशी, त्या हवेत, त्या घोड्याला तो कोर्स जास्त झाला. मग बाकीचे पन्नास घोडे हसत पोचले असोत.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहते, मूळ डोंबिवली. सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी फेन्स जज, म्हणजे एका अडथळ्यावरची पंच, म्हणून बसते. हे काम बहुतेक माझ्यासारखे स्वयंसेवकच करतात. एक खुर्ची, एक तक्ता, शिट्टी, वॉकीटॉकी. दिवसभर एकच अडथळा आणि समोरून जाणारे शंभरेक घोडे.

एकाच अडथळ्यापाशी बसल्यावर जे दिसतं ते निकालाच्या कागदावर कधीच येत नाही. कागदावर "क्लिअर" असतं. मी बघितलेलं असतं की घोड्याने गुडघे खाली सोडले, पुढचे पाय ओंडक्याला घासले, स्वार मानेवर गेला आणि नशिबाने परत बसला. पाठोपाठ चार-पाच घोडे एकाच जागी तसं करायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो. आकड्यात तो अडथळा सोपा दिसतो, कारण कुणी अडलेलंच नाही. काका म्हणतात तेच हे: घोड्यांना तो कळलेला नाही आणि ते तरी उड्या घेतायत. उलट अरुंद अडथळ्यापाशी बसले की वीस घोडे बगल देऊन जातात, स्वार वैतागतात, आणि मी निवांत असते.

सगळ्यांत भीती कोलांटीची. घोड्याचे पुढचे पाय गुडघ्याच्या वर पक्क्या लाकडाला लागतात आणि सगळं पाचशे किलोचं शरीर त्यावरून फिरून पाठीवर येतं. स्वार खाली. १९९९ च्या एका हंगामात ब्रिटनमध्ये पाच स्वार गेले. त्यानंतर लॉर्ड हार्टिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २००० साली अहवाल आला. त्याचा गाभा असा की काहीही करून घोडा पडता कामा नये, बाकी सगळं नंतर. त्यातून तुटणारी पिन आली. ओंडका एका पिनवर टेकवलेला असतो, ठराविक जोराचा धक्का बसला की पिन तुटते, ओंडका खाली जातो, कोलांटी टळते. पुढे स्वीडनमधून मिम क्लिप आली, ती पुढून लागलेल्या धक्क्यालाही सुटते.

आता वाद. पिन तुटली की ११ गुण दंड. टोकियोत जर्मनीचा मिखाएल युंग ड्रेसाजनंतर पहिला होता. १४ क्रमांकाच्या तिसऱ्या भागाला त्याच्या घोड्याचा पाय लागला, क्लिप सुटली, ११ गुण गेले आणि तो आठवा आला. जर्मनीने तक्रार केली, मान्य झाली नाही. स्वार म्हणतात, धक्का इतका हलका होता की ओंडका पक्का असता तर काही झालंच नसतं. मी त्या बाजूला जाऊ शकत नाही. मी रुग्णवाहिका जवळून बघितलीय.

निवृत्त_रिसाला

टेम्सकाठी, पूर्ण सहमत. एक भर. पिन आली म्हणून वाईट अडथळा चांगला होत नाही. पिन ही शेवटची दोरी आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांवर, विशेषतः खालच्या गटांना, ओंडके अजून तारेने आवळून बांधलेले असतात. तेव्हा आखणीतच काळजी घ्यावी लागते. समोरची बाजू तिरकी हवी, सरळ उभी नको. पायथ्याशी जमिनीवर काहीतरी ठळक हवं, आडवा ओंडका, गवताच्या पेंढ्या, फांद्या, काहीही. घोडा पायथा बघून उडीचा अंदाज घेतो. पायथा मोकळा आणि ओंडका हवेत टांगलेला असेल तर तो चुकणारच.

जुनी_सवार

हा धागा वाचून हात थरथरले, म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकात मी सतरा वर्षांची असताना एका स्पर्धेत धावले. चढणीनंतर लगेच खड्डा आणि त्यावर बल्ली. चालताना मी म्हणाले होते की वर पोचेपर्यंत खड्डा दिसतच नाही. प्रशिक्षक म्हणाले, "तू खाली बघतेस म्हणून तुला भीती वाटते." माझा घोडा पहिल्यांदा अडला. दुसऱ्यांदा अडला. बाजूने ओरडा आला, "चाबूक लाव." मी लावला. तिसऱ्यांदा त्याने उडी घेतली, कारण मी सांगितलं होतं. मागचे पाय खड्ड्यात गेले.

मला टाके पडले, ते भरले. तो घोडा पुढे जगला, चांगला जगला, पण खड्ड्याजवळ पुन्हा कधी गेला नाही. साधी पाण्याची चारी असली तरी दहा पावलं अलीकडे उभा राहून कापायचा. तो दोनदा मला सांगत होता. मी ऐकलं नाही.

ताई, लेकीला एवढंच सांगा की हात वर करून थांबणं हा तिचा हक्क आहे. कुणाची परवानगी लागत नाही.

दुडकी

जुनी_सवार, तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.

माहिती मिळाली. सहापैकी चार जण नवव्या अडथळ्यापाशी थांबले. दोघांचे घोडे तीन-तीनदा अडले, एक मुलगी पडली, आणि मनगट मोडलं ते तिथेच, त्याचा घोडा गुडघ्यांवर गेला होता. बाकीचे दोघे पाण्यापाशी आणि तेराव्याला अडून बाद झाले.

व्हिडिओही मिळाला. नववा म्हणजे साधा ओंडका, ७५ सेंमी असेल. पण तो चिंचेच्या मोठ्या झाडाखाली आहे. आधी उघडं माळरान, मग एकदम सावली, हलका उतार, सावलीत काळपट ओंडका. वेळ सकाळी अकराची.

अंकगणित

अकरापैकी चार एकाच ठिकाणी, आणि त्यात एक घोडा गुडघ्यांवर. संख्या लहान असूनही आता मी म्हणेन की हा मुलांच्या तयारीचा प्रश्न नाही.

निवृत्त_रिसाला

सावली. तरीच.

माणूस उन्हातून माजघरात आला की क्षणभर काही दिसत नाही ना, तसंच घोड्याचं, आणि त्याचा डोळा अंधाराला सरावायला आपल्याहून जास्त वेळ घेतो. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत, लाल-हिरव्यातला फरक त्याला जवळजवळ नाहीच. तपकिरी ओंडका, तपकिरी पाचोळा, काळी सावली, सगळं एकच. कॅंटरमध्ये येणाऱ्या घोड्याला हा ओंडका दोन ढांगा आधी दिसत असेल, फार तर तीन. त्यात उतार, म्हणजे वजन पुढच्या पायांवर.

उंची ७५, आणि कोर्सवरचा सगळ्यांत वाईट अडथळा. बघा.

उपाय सोपे आहेत. ओंडका झाडापासून चार-पाच ढांगा पुढे उन्हात आणायचा, किंवा अलीकडे घ्यायचा. ते जमत नसेल तर पायथ्याशी चुन्याने पांढरा केलेला ओंडका टाकायचा. आणि बाजूला एक लांबचा सोपा रस्ता ठेवायचा, वेळ जाईल पण घोडा जाईल. विनंती करा, स्पर्धेच्या आधी आणि लेखी. मोठ्या स्पर्धांत स्वारांचा प्रतिनिधी असतो, तांत्रिक प्रतिनिधी असतो, त्यांचं कामच हे आहे. लहान स्पर्धेतही कुणीतरी जबाबदार असतोच. "कोर्स अवघड आहे" असं म्हणू नका, कुणी ऐकत नाही. "नववा सावलीत आहे, अकरा वाजता दिसत नाही, गेल्या वर्षी चौघं तिथे थांबले" असं म्हणा.

टेम्सकाठी

+१. आणि कोर्स तुमच्या धावण्याच्या वेळीच चाला. सकाळी सातला सगळं छान दिसतं.

रानपिंगळा

माझं मूळ म्हणणं बदललेलं नाही, या खेळात घोड्याला निवड नाही असंच मला वाटतं. पण खेळ होणारच असेल तर तो ओंडका उन्हात आला पाहिजे. पत्र लिहायला मदत हवी असेल तर मी करतो, असली निवेदनं मी खूप लिहिलीत.

अंकगणित

लेकीच्या टोकियोच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. माझं मत देतो.

टोकियोचा कोर्स डेरेक दी ग्राझियाने आखला होता. वर आलेले लोक बघा: ब्रिटनच्या तिघांनी वेळेत आणि विनादंड कोर्स पूर्ण केला. सुवर्ण मिळवणारी यूलिया क्रायेव्स्की, इव्हेंटिंगचं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी पहिली स्त्री. कांस्य ६२ वर्षांच्या अँड्र्यू हॉयला. आणि फवाद: त्याला कोर्सवर ११.२० गुण गेले, सगळे वेळेचे. सेकंदाला ०.४, म्हणजे २८ सेकंद उशीर. एकदाही अडला नाही. ज्या देशाचे इव्हेंटिंगमधले मोजून थोडे स्वार तिथवर पोचले, १९८० च्या संघानंतर १९९६ ला इंद्रजीत लांबा, २००० ला इम्तियाझ अनीस आणि मग थेट फवाद, तिथला स्वार आपल्या घोड्याला, सेनॉर मेडिकॉटला, घेऊन त्या कोर्सवरून जरा सावकाश पण नीट परत येतो. शेवटी तेविसावा. चांगला कोर्स असंच करतो: वरच्यांना वेळेत पळवतो, नवख्याला वेळेचा दंड लावतो, पाडत नाही. माझ्या लेखी तो जास्त अवघड नव्हता.

पशुवैद्य_नगर

अंकगणित यांच्याशी सहमत, एक दुरुस्ती सोडून. "जास्त अवघड नव्हता" या वाक्यात जेट सेटसाठी जागा ठेवा. त्या मुलीने प्रश्न त्याच्यासाठी विचारला होता. मी तिला असं सांगेन: कोर्स नीट आखलेला होता, स्वाराने क्षणात थांबवलं, डॉक्टर लगेच पोचले, आणि तरीही तो गेला. हे तिन्ही खरं आहे आणि चौथंही.

दुडकी

आज सकाळी परत आलो, लिहायला उशीर झाला.

रानपिंगळा यांनी लिहून दिलेलं पत्र आम्ही सात पालकांच्या सह्यांनी पाठवलं. पहिलं उत्तर "बघू" असं आलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोर्स चालायला गेलो तर नववा तिथेच होता, चिंचेखाली. लेक आणि मी पुन्हा अकराला गेलो. मी काकांनी सांगितलं तसं उन्हातून चालत आले आणि ओंडका दिसला तिथे थांबले. तिथून अकरा पावलं. म्हणजे तीन ढांगाही नाहीत. तांत्रिक जबाबदारी असलेले गृहस्थ तिथेच होते, त्यांना लेकीने स्वतः बोलावलं आणि उन्हात उभं करून म्हटलं, "सर, आता चालत या." ते चालत आले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी ट्रॅक्टर आला, ओंडका पुढे उन्हात ओढला आणि पायथ्याला पांढऱ्या रंगाची बल्ली टाकली.

दहा जण सुटले, आठ पोचले. नवव्याला कुणी अडलं नाही. लेकीची घोडी बाराव्या अरुंद अडथळ्याला बगल देऊन गेली, २० गुण, आणि ११ सेकंद उशीर, म्हणजे ४.४. सहावी आली. फिनिशनंतर खोगीर काढून चौघांनी बादल्या ओतल्या, सईस आधी कुरकुरला, मग तोच सगळ्यांत जास्त ओतत होता. दहा मिनिटांत घोडी शांत.

डॉक्टर, एक विचारायचंय. आज सकाळी ट्रकमधून उतरल्यावर डाव्या पुढच्या पायाला नडगीच्या मागे हाताला किंचित कोमट लागतंय. सूज दिसत नाही. लंगडत नाही.

पशुवैद्य_नगर

दोन्ही पाय एकाच वेळी, एकेका हाताने चाचपा, म्हणजे फरक खरा की भास ते कळेल. मग पाय उचलून, वाकवून, मागचा स्नायुबंध अंगठा आणि बोटात धरून वरून खाली दाबत या. एका जागी पाय ओढून घेतला तर ती जागा लक्षात ठेवा. वीस मिनिटं गार पाण्याची धार, दिवसातून तीनदा. सध्या फक्त पागेत विश्रांती आणि हाताने चालवणं. उद्या सकाळी कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने पळवून व्हिडिओ काढा आणि मला पाठवा. शंका वाटली तर सोनोग्राफी करून घेऊ, तोवर खोगीर चढवू नका.